गुंतवळाची पुरचुंडी

त्या मालिकेतली चेटकीण फार देखणी होती. आमचा टीव्ही काळा-पांढरा, म्हणून तिची साडी लाल की हिरवी यावर ओसरीवर दर रविवारी वाद व्हायचा. वडील अंजनगाव सुर्जीला शाळेत मास्तर होते. गल्लीत महिन्याच्या महिन्याला पगार येणारं घर आमचं एकच, टीव्हीही आमच्याकडेच. वीज नसली की कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायचं आणि दुपारच्या त्या तासाला बाया उष्टी भांडी तशीच टाकून यायच्या.

गोष्ट साधी होती. चेटकिणीचा एका लग्न झालेल्या माणसावर जीव. त्याला बांधून ठेवायला ती केसांची गाठोडी करायची, त्यात त्याच्या अंगावरचं काहीतरी घालायची आणि भिंतीच्या भोकात लपवायची. माणूस वाळत जायचा, बायको रडायची. ओसरीवरच्या सगळ्या बाया बायकोच्या बाजूच्या होत्या. मी चेटकिणीच्या बाजूची होते. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आत्याचं घर आमच्यापासून तिसरं. तिला एकच मुलगा, आणि मी त्याच्या मामाची पोरगी. आमच्यात असं नातं असलं की लहानपणापासून लोक चिडवायला मोकळे असतात. मी लाजायची, पण मनात पक्कं धरून बसले होते. आत्याने शब्दही टाकला होता. वडील नाही म्हणाले. बोंडअळीने कपाशी खाल्लेली ती वर्षं. शेतीवाल्याच्या घरी मुलगी द्यायला कोणी धजत नव्हतं, आणि पोट शेतीवर असलेले लोकही जावई नोकरीवालाच शोधत होते. मग आत्याने पातूरकडची मुलगी केली. राग यायला हवा होता वडिलांचा. वडिलांवर रागवायची सोय आमच्या घरात नव्हती, म्हणून तो सगळा मी त्या मुलीवर काढला.

ती माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई. टीव्ही बघायला माझ्याजवळच बसायची, भीती वाटली की माझा दंड धरायची. तिच्या नवऱ्याने काल काय म्हटलं, काय आवडीने खाल्लं, सगळं मलाच सांगायची. मी ऐकून घ्यायची. ऐकताना आत काय व्हायचं ते तिला कधी कळलं नाही, इतकी मी तेव्हाही गप्प होते.

तिचा नवरा गावातल्या एका जिनिंगमध्ये कापूस मोजायला जायचा. भाकर फडक्यात बांधून न्यायचा आणि तिथले लोक हसायचे, म्हणून तिला त्याच्यासाठी तीन खणांचा स्टीलचा डबा पाहिजे होता. सासूला मागायची हिंमत नव्हती. पण गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी केसवाली यायची, विंचरताना गळालेल्या केसांवर भांडी द्यायची. वहिनीच्या माहेरी सगळ्या बाया हे गुंतवळ जपून ठेवायच्या. आत्याच्या घरी आता केसवालीला दारात उभं करणं कमीपणाचं वाटायचं. तर ही पोरगी रोजचं गुंतवळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून गोठ्याच्या भिंतीत, विटेमागे ठेवायची. मला तिने जागा दाखवली होती.

"ताई, तुमचेबी द्या ना," एकदा म्हणाली. "डबा लवकर येईन."

मी दिले. चार-पाच वेळा दिले. त्या पुरचुंडीत अर्धे केस माझे होते.

त्याच हंगामात आत्याच्या यजमानांना लकवा झाला. दुसऱ्या वर्षीही कपाशी गेली. दवाखाना झाला, देवऋषी झाला, आणि हे बाहेरचं आहे असं कोणीतरी म्हणालं. आमच्याकडे बाहेरचं म्हणजे कोणीतरी केलेलं. आत्या एका दुपारी आमच्याकडे सूप न्यायला आली आणि तिथेच बसून रडायला लागली. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता एवढंच म्हणाले, की आत्या, परवाच्या भागात नाही का दाखवलं, भिंतीत सापडते ती गाठोडी. तुमच्या गोठ्याच्या विटा ढिल्या झाल्या आहेत म्हणे.

बस. एवढंच. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या अंगणात माणसं जमली. पुरचुंडी तुळशीच्या ओट्यावर सोडून ठेवलेली, तिच्याजवळ जायला कोणी तयार नाही. केसांसोबत नवऱ्याच्या सदऱ्याची तुटलेली गुंडीही निघाली. टाचायची राहिली म्हणून तिने त्याच फडक्यात ठेवली असणार. पण मालिका सगळ्यांनी पाहिली होती. माणसाच्या अंगावरची वस्तू बघितल्यावर कोणाला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. ती सांगत होती की हे केसवालीसाठी आहे, डब्यासाठी आहे. लोक तिचं बोलणं मध्येच तोडत होते.

समोर राहणारी शिवणकाम करणारी खाला तेवढी पुढे झाली. "अरे बाबा, ये तो केसवाली के वास्ते जमा किये हैं. मेरे घर में भी पड़े हैं, लाके दिखाऊँ क्या?"

खालाला कोणीतरी म्हणालं की हा आमच्या घरचा मामला आहे. ती तोंडात पदर धरून मागे सरकली, पण गेली नाही.

आत्याने काडीने केस पांगवले. काही सरळ, काही कुरळे. "दोघीचे केसं हायेत हे," ती म्हणाली. "एक हे. दुसरी कोन?" मग माझ्याकडे वळली. "तू त हिची सोबतीन. तुले सारं सांगते ते. सांग वं पोरी, काय हाये हे?"

माझी कुरळी वेणी माझ्या पाठीवरच होती. कोणी नीट बघितलं असतं तर विचारायची गरज नव्हती. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"मले नाही मालूम, आत्या."

संध्याकाळी वहिनीचे वडील पातूरहून आले आणि तिला घेऊन गेले. त्यांच्याशी कोणी भांडलं नाही, चहासुद्धा विचारला. काही महिन्यांनी चार लोकांत सोडचिठ्ठी झाली. तिकडे तिचं दुसरं लग्न जमलं नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं जमतही असतं, पण कशासाठी टाकली ते पातूरपर्यंत तिच्या आधी पोचलं होतं.

मी दोन वर्षं आलेली सगळी स्थळं नाकारली. शेवटी वडील थकले. जिनिंगमधली त्याची नोकरी तोवर कायम झाली होती. आत्याने पुन्हा शब्द टाकला आणि यावेळी वडील हो म्हणाले. मला जो हवा होता तो मिळाला. संसार झाला, दोन मुलं झाली, आम्ही अमरावतीला राहायला आलो. तो वाईट नाही. कधी हात उचलला नाही, कधी पहिलीचा विषय काढला नाही. विषय न काढणं हा मी त्याचा चांगुलपणा समजत होते.

मागच्या दिवाळीनंतर ती गेल्याचा निरोप आला. भावाच्या घरी होती, त्याच्या शेतात राबत होती. निरोप सांगणाऱ्या बाईने सहज सांगितलं की शेवटपर्यंत गावात कोणी तिच्या हातचं पाणी आपल्या लेकराला पाजत नव्हतं. मी फोन ठेवला आणि बाजूला बसलेल्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. गोठ्याची वीट, माझे केस, माझं ते वाक्य. तो ओरडेल, निदान उठून जाईल, असं वाटलं होतं.

तो शेंगा सोलत होता. म्हणाला, "मले तवाच मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"केसवालीचे होते म्हनून. आईनं नाही का जमवले तिच्या काळात? साऱ्याइलेच मालूम होतं." मग पुढची शेंग फोडत, "बाबा खाटेवर, वावरात काही नाही. कोनावर तरी टाकाच लागत होतं."

मग त्याने विचारलं, मीठ आणतेस का.

मी मीठ आणून दिलं. इतकी वर्षं ते पाप माझ्या एकटीचं समजून मी वागवलं होतं, आणि खरं सांगते, क्षणभर हलकंही वाटलं. सगळ्यांना माहीत होतं तर माझ्या नाहीने काय बिघडलं? पण ते टिकलं नाही. त्या अंगणात तिचा नवरा उभा होता, सासू होती, गल्ली होती, आणि त्यातल्या कोणाकडूनही तिला आशा नव्हती. आत्याने मला विचारलं तेव्हा वहिनीने रडणं थांबवून पदराने नाक पुसलं होतं. तिला वाटलं, आता सुटले.