डावा हात खिशात

जॉबरमामा विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी डावा हात पँटच्या खिशात घालत. साधा बल्ब बदलायचा असला तरी. "दोन्ही हात लावले की करंट एका हातानं शिरतो आणि दुसऱ्या हातानं निघतो," ते म्हणत, "आणि मधी छाती हाय. ती जपायची." गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करत. एक हात खिशात घालून सायकल चालवत आणि "भित्रा जॉबर!" म्हणून ओरडत. मामा हसत. "व्हय, हाय मी भित्रा. म्हणून तर जिवंत हाय की!"

जॉबर म्हणजे कारखान्यातले माग दुरुस्त करणारा माणूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं हे काम केलं होतं. माझे पप्पा त्याच शेडमध्ये माग चालवतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. ते मला अम्मा म्हणत. त्यांच्या तेलुगू घरात लहान मुलीलाही अम्माच म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा संकोच वाटायचा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि पहिल्याच सत्रात लॅबमध्ये मला शॉक बसला. फार मोठा नव्हता, पण त्यानंतर माझा हात कशालाच पुढे होईना. जोडणी माझी जोडीदार करायची आणि मी वहीत आकडे लिहायची. वर्षाअखेरीच्या प्रॅक्टिकलला मात्र एकटीनं जोडणी करायची होती. नापास झाले तर पुढे काय होतं, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. नापास व्हायलासुद्धा आमच्यातून आधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.

पप्पा मला मामांकडे घेऊन गेले. "ही लई घाबरती ओ," ते म्हणाले.

"मग बरंय की," मामा म्हणाले. "न घाबरणाऱ्याला मी घरातसुद्धा घेत नाही."

पहिला धडा डावा हात खिशात घालण्याचा होता, आणि तिथंच अडलं. माझ्या कुर्त्याला खिसाच नव्हता. मामांनी आत हाक मारली. मामी आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरींच्या कपड्याला खिसा ठेवत नाहीत. पोरींना छाती नसती का करंट जायला?" त्यांनी त्याच दुपारी टॉवेलच्या तुकड्याचा खिसा माझ्या कुर्त्याला डाव्या बाजूनं शिवून दिला. पुढच्या आठवड्यात उरलेल्या तिन्ही कुर्त्यांना.

मामांचा छंद म्हणजे जुने एफएम ट्यूनर. आजकाल कोणाला ही वस्तू माहीत नसते म्हणून सांगते. ट्यूनर म्हणजे फक्त स्टेशन पकडणारा डबा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. त्याच्यामागे अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडले की मगच तो बोलतो. मामांच्या पुढच्या खोलीत असे सात डबे होते. चंदेरी तोंडाचे, लाकडी अंगाचे, आत हिरवा नाहीतर पिवळा दिवा लागणारे. "मोबाइलवर गाणं तर कुणालाबी लागतंय," ते म्हणत. "ह्याच्यात ते हातानं शोधावं लागतं. शोधलेलं गोड लागतं."

ट्यूनर निवडायला ते मला जुन्या बाजारात नेत. दुकानदार पुढची चकचकीत पट्टी पुसून दाखवायचा आणि मामा डबा उलटा करायचे. "तोंड नंतर बघायचं, अम्मा. आधी पाठ." पाठीवरच्या पाटीवर किती व्होल्ट लिहिलंय, ते आधी. मग जाळीला नाक लावून जळका वास. मग डायल. आकडे नव्वदपाशीच संपत असतील तर तो दुसऱ्या देशासाठी केलेला, आपली स्टेशनं त्याच्या पुढं लागतात, म्हणजे सोलापुरात तो मुका. शेवटी मोठं चाक. ते एकदा फिरवून सोडलं की काटा स्वतःच्या जोरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला पाहिजे. अडखळला, तर आतली दोरी सैल. पण दोरीसाठी मामा डबा कधीच सोडत नसत. घरी आणून मेण लावलेला सुताचा धागा घालत आणि विणकराची गाठ मारत. ती गाठ बोटानं चाचपूनही सापडायची नाही.

डबा घरी आणला तरी तो भिंतीतल्या सॉकेटला थेट कधीच लावायचा नाही, हा दुसरा नियम. मामांकडे लाकडी पाटीवर बसवलेला एक शंभर वॅटचा बल्ब होता. वीज आधी त्या बल्बातून जायची आणि मग डब्यात. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर डबा ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत बिघाड, लगेच बंद. दर वेळी चालू करताना मामांच्या कपाळावर घाम दिसायचा. पन्नासावा डबा असला तरी. "भीती गेली की माणूस गेला," ते म्हणत आणि मग बटण दाबत.

मी प्रॅक्टिकल पास झाले. आणि माझी भीती गेली.

पेढे घेऊन मामांकडे गेले, तेव्हा मेजावर नवा डबा होता. दोन काट्यांचा. एक काटा सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवतो आणि दुसरा मधोमध आला की स्टेशन अचूक लागलं असं समजायचं. असा ट्यूनर मामा दोन वर्षं शोधत होते. ते एरियलची तार सरळ करायला गच्चीवर गेले आणि वरून ओरडले, "अम्मा, चालू कर गं!"

मी पाठ पाहिली नाही. बल्बाची पाटी दुसऱ्या मेजावर होती, ती उचलली नाही. प्लग सरळ भिंतीत घातला. डब्यातून घुंऽऽ असा आवाज आला, दिवा नको तेवढा पांढरा पेटला आणि जाळीतून धुराचा एक धागा वर आला. मी प्लग ओढून काढला. चार-पाच सेकंदच गेले असतील. मग पाठ पाहिली. १२० व्होल्ट. आपल्या घरातल्या विजेच्या निम्मे. वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मामांनी शेजारीच काढून ठेवला होता.

मी खिडकी उघडली. मामींच्या फोडणीत तो वास मिसळून गेला. मामा खाली आले. "काय झालं?"

"काही नाही, मामा. तुमचीच वाट पाहत होते."

त्यांनी डावा हात खिशात घातला. ट्रान्सफॉर्मर जोडला, बल्ब जोडला, बटण दाबलं. बल्ब मंद झाला. काटे हलले. मामांनी चाक फिरवलं आणि गाणं लागलं.

गाण्याबरोबर एक शिट्टी येत होती. बारीक, टोकदार, पाटीवर खिळा ओढल्यासारखी. ती थांबतच नव्हती. माझे दात शिवशिवले. मी मान खाली घालून बोलणी खायची वाट पाहू लागले.

मामा खुर्चीत मागे रेलले. डोळे मिटले. "बघ की," ते म्हणाले. "काय साफ लागलंय!"

मी वर पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. स्वयंपाकघरातून मामी कानावर हात ठेवून दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि ओठांवर बोट ठेवलं.

निघताना त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "मागाच्या आवाजानं गेले कान," हळूच म्हणाल्या. "जाडा आवाज येतो, बारीक येत नाही. मी बोलत नाही. तूबी बोलू नको. हे एकच सुख हाय त्यांना."

आठ दिवस मी तिकडे गेले नाही. माझी चूक सांगायची म्हणजे शिट्टी सांगायची, आणि शिट्टी सांगायची म्हणजे मामांचे कान गेलेत हे तोंडावर सांगायचं. न सांगावं तर आत काय जळलंय कोणास ठाऊक, आणि त्या डब्याला ते रोज हात लावणार. मला झोप लागेना.

त्याच आठवड्यात पप्पा कामावरून येऊन टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही फार मोठा होता. तो नेहमीच मोठा असतो. मी त्यांच्यामागे उभी राहून म्हटलं, "पप्पा." ते वळले नाहीत. पुन्हा म्हटलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जोरात बोल की, त्यांना येत नाही ऐकायला." जणू ही रोजचीच गोष्ट. रोजचीच होती. मलाच आजवर तिची भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मामांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. थेट प्लग, धूर, खोटं बोलणं. शिट्टीपाशी आले आणि थांबले.

"कसली शिट्टी?" मामांनी विचारलं.

"आत्तासुद्धा येतेय, मामा."

डबा चालूच होता. मामा काट्यांकडे पाहत राहिले. मामी दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"आधी कानातनं चिमण्या गेल्या," ते म्हणाले. "मग हिच्या बांगड्या. मला काय कळत नाही व्हय? काटा डोळ्यांनी दिसतो, म्हणून तर दोन काट्यांचा डबा शोधत होतो. पण कुणी तोंडानं म्हणलं नव्हतं. तवर वाटायचं, नसंलबी." मग मामींकडे वळून म्हणाले, "तूबी गप बसलीस."

"तुमी घाबराल म्हणून," मामी म्हणाल्या.

"घाबरलोच हाय."

मग ते मला जे म्हणाले, ते मी तसंच लिहिते. "शेडमध्ये एक म्हातारा जॉबर कानात कापसाचा बोळा घालायचा. आमी त्याला हसायचो. भित्रा म्हणायचो. मी तीस वर्षं उघड्या कानानं मागात उभा राहिलो, मर्द म्हणून. जितं भ्यायला पायजे होतं, तितं भ्यालो नाही, अम्मा. मग उरलेल्या सगळ्याला भीत बसलो."

मी पप्पांबद्दल सांगितलं. ते एकदम उठले. "अजून चालवतोय तो माग? अजून येळ हाय."

त्या दुपारी आम्ही डबा उघडला. फ्यूजच्या जागी आधीच्या कोणीतरी तांब्याची तार बसवली होती. म्हणून तो वेळेवर बंद पडला नाही. मामा एकेक भाग बदलत आणि मी फक्त ऐकत होते. "आता?" "आहे." "आता?" "थोडी कमी." शेवटी एक फुगलेला कपॅसिटर निघाला आणि खोलीत नुसतं गाणं उरलं.

"गेली?"

"गेली, मामा."

"मला बरं वाटावं म्हणून नको म्हणू."

"नाही. खरंच गेली."

त्यांनी मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली, तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि पप्पांसमोर कापसाचे बोळे ठेवले. पप्पा हसले. "पोरं भित्रा म्हणतील ओ."

"म्हणू दे," मामा म्हणाले. "मला म्हणत्यात तेवढं तरी ऐकू येतंय अजून."

पप्पा हसायचे थांबले. पुढे मी त्यांना दवाखान्यात नेलं. बरंच गेलंय, बरंच उरलंय, असं डॉक्टर म्हणाले. आता पप्पा शेडमध्ये कान झाकून आवाज अडवणारे हेडफोन लावतात. गेलेलं परत येणार नाही.

गेल्या वर्षी मामा-मामी हैदराबादला लेकीकडे राहायला गेले. बाकीचे डबे त्यांनी वाटून टाकले. दोन काट्यांचा मांडीवर घेऊन गाडीत बसले. बल्बाची पाटी मला दिली. फोनवर त्यांना आता माझं बोलणं ऐकू येत नाही. मी मामींना सांगते आणि त्या त्यांच्या कानाशी ओरडून सांगतात. ते संध्याकाळी स्पीकरवर तळहात ठेवून काट्यांकडे बघत बसतात म्हणे. दर वेळी त्यांचा प्रश्न एकच असतो, "बाप ऐकतोय का?"

म्हणून मी रोज पाहते. पप्पा कामावरून येऊन बसले की मागे दाराशी उभी राहते आणि हळूच हाक मारते. कालच्याएवढ्याच आवाजात, मोठ्यानं नाही. ते वळेपर्यंत माझा डावा हात खिशात असतो.