पहिलं मत

सोसायटीच्या सभेत यंदा प्रथमच भाडेकरूंना मत मिळालं. कालपर्यंत ते मागच्या खुर्च्यांवरून "आम्ही माणसं नाही का?" म्हणत होते. पहिलाच ठराव आला, कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. सगळ्यांत आधी हात वर गेले ते भाडेकरूंचे.

एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड आठवलं. तिथंही मताचा हक्क जमीनदारांकडून घरमालकांकडे, मग शहरातल्या भाडेकरूंकडे, मग शेतमजुरांकडे सरकला. आत आलेला जो तो मागे दाराला कडी लावत गेला. बायका तर बाहेरच राहिल्या.

तेवढ्यात मंदामावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. "कशाला हो हात वर केलेत सगळ्यांनी?"

"तुमचाच विषय होता, मावशी," तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू कप उचलत म्हणाले. "उद्यापासून जिना. चहा मात्र फक्कड झालाय."