धावू न देणारी मॅडम

जयमाला मोरे चिंचवडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर क्रीडाशिक्षिका होती. मुलींवर फार ओरडायची, पण सरावानंतर कुणी न खाता निघाली की गेटवर अडवायची.

तनुजा तिची सगळ्यात वेगवान धावपटू. राहायला दिघीला; वडील ज्योतीराम मूळचे लातूरचे, चाकणला कंपनीत. कॉलेजने बाहेरून नेमलेले कोच एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन किलो उतरव, पदक तुझंच."

तनुजाने दोन किलो उतरवले आणि मग ती थांबलीच नाही. डबा मैत्रिणींत वाटून टाकायची. उलट्या झाल्या की पित्त म्हणायची. नडगीच्या हाडाला चीर गेली, तेव्हा डॉक्टरांसमोर जयमालाला कळलं की पोरीची पाळी सात महिने आलेली नाही.

"हा आजार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पळणं बंद. जेवणाकडे लक्ष हवं, समुपदेशनही लागेल."

जयमालाने संघातून तिचं नाव काढलं. रोज दुपारी कँटीनमध्ये ती तनुजासमोर बसायची. वरणभात संपायला कधी कधी तास लागायचा. तनुजा रडायची, ताट ढकलायची. एकदा म्हणाली, "तुम्हाला मला जाडी करायचंय." जयमाला उठली नाही. दर शनिवारी समुपदेशनालाही तीच घेऊन जायची. पाच महिन्यांनी पाळी आली, तेव्हा तनुजाने तिला मिठी मारली.

पण स्पर्धा हुकली होती. ज्योतीराम प्राचार्यांकडे गेले. "खेळाडू कोट्यातून पोलिसात गेली असती पोरगी. ह्या बाईनं तिला दवाखाने दाखवत फिरवलं." तक्रार लेखी होती, खाली तनुजाचीही सही. कोचनी त्या दोन किलोंचा विषय काढलाच नाही. जूनमध्ये जयमालाला कॉलेजने पुन्हा बोलावलं नाही.

दोन वर्षांनी चाकणच्या चौकात जयमालासमोरच कंपनीच्या बसमधून तनुजा उतरली. चेहरा भरला होता.

"मॅडम, सही पप्पांनी करायला लावली. मी नाही म्हणायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

पोर बरी झालेली दिसत होती, त्याचा आनंद जयमालाला झाला. पण राग काही गेला नाही. तिने विचारलं, "कॉलेजात कोच अजून तेच आहेत?"

"हो. साक्षी आहे आता त्यांच्याकडे. माझी धाकटी बहीण. पप्पांनीच घातली."

"जेवते का नीट?"

"डबा मैत्रिणींत वाटते," तनुजा म्हणाली.

जयमालाने डॉक्टरांचा नंबर तिला पाठवला. "ह्या वेळी तू घेऊन जा," ती म्हणाली. "मला आता कॉलेजच्या गेटातून कुणी आत सोडणार नाही."