कूलरसमोरचा दिवाण

दरवर्षीसारखा आज हॉलच्या खिडकीत कूलर बसवला आणि आईचा दिवाण त्याच्यासमोर ओढला. मग सोफा, टीव्ही, सगळंच फिरवावं लागलं. उन्हाळ्यात नागपूरचं कुठलंही घर कूलरकडे तोंड करतं, तुम्हाला माहीतच आहे.

आई दुपारी झोपून उठली आणि पिशवीत साड्या भरायला लागली. "लोकायच्या घरी किती दिवस राहू? मले माह्या घरी सोडून दे वं."

वर्षभरापासून ती विसरते, पण स्वतःचं घर आजवर विसरली नव्हती. मी आणि भावानं घाबरून सगळं सामान पहिल्यासारखं लावलं. कूलरही काढला.

"पाय आई, आलं तुह्यं घर."

तिनं हॉलभर नजर फिरवली. "चांगलं हाय. पण निघतो मी आता."

अजून काय हलवू, सांगा.