मामाची चांदीची वाटी

आमच्या मुलीच्या बारशाला तिच्या मामाने चांदीची वाटी आणली, तेव्हाच मला ती खटकली. मी छंद म्हणून हाटकेश भागातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत धातू वितळवून छोटे हत्ती ओततो. त्यासाठी बिनशिशाचं प्युटर हा मिश्रधातू वापरतो. त्यात मुख्यतः कथील असतं, ते हलक्या आचेवर वितळतं आणि दिसतं चांदीसारखं. मामाची वाटी कागदावर घासली, तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटली.

"ही चांदी नाही, प्युटर आहे, तेही शिसं घातलेलं," मी ओरडलो. "पोरीला यातून काही भरवायचं नाही!"

"माझ्या भावाची परीक्षा घेतोयस?" बायको कडाडली.

रविवारी सासूबाईंनी त्याच वाटीत नातीसाठी तूप गरम करायला ठेवलं. मी ओट्यापाशी पोचेपर्यंत वाटीचं बूड गळलं, तूप बर्नरवर सांडलं आणि उरला नुसता गोळा. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं.

"बघा, किती शुद्ध चांदी होती," सासूबाई हळहळल्या. "जराशीही आच सोसली नाही."

तो गोळा आता लॉकरमध्ये आहे. त्याचे पोरीसाठी वाळे करायचं ठरलंय. सोनार मामाच्याच ओळखीचा आहे.