विमानमामांचं ‘नको’

काचेचं दार बाजूला सरकलं आणि विमानमामा बाहेर आले. म्हणजे त्यांच्या हिशेबाने उलटेच आले. गेली कित्येक वर्षं ते या दाराच्या दुसऱ्या बाजूला, कठड्याला टेकून उभे राहत आले होते. दारातून येणारी माणसं किती भेदरलेली दिसतात, समोरच्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर कशी भिरभिरते, हे त्यांना पाठ होतं. आज आपणही तसेच दिसत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. हातात फक्त एक छोटी पण भलतीच जड बॅग होती. मोठी बॅग आलीच नव्हती. ती वाटेत कुठल्या तरी तिसऱ्याच गावी उतरली होती, आणि उद्या-परवा घरी पोचेल असं खिडकीतल्या बाईने गोड हसून सांगितलं होतं. मामांचा जाड कोट त्या बॅगेत होता.

कठड्याशी, त्यांच्या नेहमीच्या जागी, एक माणूस पाटी धरून उभा होता. पाटीवर मामांचं नाव असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी ती वाचली. मग त्याच्या शेजारची बाई पाहिली, तिच्या मागचे दोघे पाहिले, पार फुलांच्या दुकानापर्यंत सगळे चेहरे पाहून घेतले. लेक आली नव्हती. ती येणारच नव्हती. मामांनीच तिला नको म्हणून सांगितलं होतं.

आता या माणसाला विमानमामा का म्हणतात ते सांगायला हवं, कारण विमानात ते काही फारसे बसलेले नाहीत. धंद्याने ते चष्म्याच्या दुकानातले कारागीर. दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली, तिथे बसून काचा घासायच्या, मापाने कापायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, यात त्यांची उभी हयात गेली. या परक्या शहरात ते आले तेव्हा आपली माणसं मोजकीच होती. पुढे वाढत गेली. कुणाची सासू यायची, कुणाचा भाचा शिकायला यायचा, कुणाची नवी नवरी यायची. आणि ज्याच्या घरी ती यायची त्याला नेमकी त्याच दिवशी रजा मिळायची नाही. की मामांना फोन. ‘मामा, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहोत हो.’ एवढं ऐकलं की मामा विरघळलेच. खरं तर लोक त्यांना चक्क राबवून घेत होते, आणि ते त्यांना कळत नव्हतं असंही नाही. पण हक्काचा माणूस म्हणवून घ्यायची त्यांना भारी हौस.

विमानतळ ते शहरातलं मोठं स्टेशन, आणि तिथून ज्याच्या त्याच्या घराकडची गाडी, ही त्यांची ठरलेली फेरी. जाताना हातावर एक कोट घेऊन जायचे. जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला, तपकिरी, एक बटण वेगळ्याच रंगाचं. उन्हाच्या देशातून आलेला माणूस पातळ कपड्यांत कुडकुडू नये म्हणून मुद्दाम ढगळ घेतलेला, त्यामुळे तो कोणालाच नीट बसत नसे. दाराच्या मागच्या खुंटीला तो कायम लटकलेला असायचा. मामी त्याला पाहुण्यांचा कोट म्हणायची. ‘तो अंगात घातला की राजासुद्धा निर्वासित दिसेल,’ असंही म्हणायची.

पाहुण्याच्या अंगात कोट चढवला की मामांच्या सूचना सुरू व्हायच्या. फिरत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू घाईच्या माणसांची. गाडीत दारात थांबायचं नाही. बॅग द्या इकडे. पाहुणा म्हणायचा, ‘नको नको, मी घेतो ना,’ तोवर बॅग मामांच्या हातात गेलेली असायची. आपल्या माणसाचं ‘नको’ कसं ऐकायचं असतं, यात मामा अगदी मुरलेले होते. ते म्हणायचे, पहिलं ‘नको’ संकोचाचं, दुसरं सवयीचं. खरं असलंच तर तिसरं.

लेक मात्र इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली. नको म्हणजे नको, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. लहानपणी कुणाकडे गेली आणि त्या घरची बाई म्हणाली, ‘राहू दे गं, ताटं मी उचलते,’ की ही खरोखरच बसून राहायची. मामी कपाळाला हात लावायची. मामा मात्र चारचौघांत कौतुकाने सांगायचे, ‘आमची पोर दिलेल्या शब्दाला धरून चालते.’

तर या लेकीने विमान सुटायच्या आदल्या दिवशी फोन केला होता.

‘बाबा, घ्यायला येऊ का?’

‘छे गं, नको. रजा कशाला वाया घालवतेस? मला काय वाट माहीत नाही?’

‘नक्की नको?’

‘नक्की.’

‘बरं.’

झालं. तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मामा काय म्हणाले असते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण मामी गेल्यापासून घरात ते एकटेच होते. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. घरी जाऊन कुलूप काढलं की आत कोणी नसणार होतं, आणि त्या कुलपाच्या आधी आपलं कोणीतरी भेटावं, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढंसुद्धा त्यांना तोंडाने मागता आलं नव्हतं.

ते परतत होते ते अक्काचं सगळं उरकून. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच लोकांचे कपडे शिवून या भावाला वाढवलं. तो परदेशी निघाला तेव्हा त्याचा एकुलता एक चांगला शर्ट तिने तीनतीनदा इस्त्री केला होता, कारण रडायला तेवढंच निमित्त होतं. गेल्या काही महिन्यांत फोनवर तिचा आवाज बारीक येऊ लागला होता. मामांनी विचारलं, ‘येऊ का गं?’ अक्का म्हणाली, ‘नको रे. एवढ्या लांबून कशाला जिवाचे हाल करतोस? मी बरी आहे.’

आणि मामांनी ते खरं धरलं! साऱ्या गोतावळ्याचं नको-नको ओळखणाऱ्या या माणसाने सख्ख्या बहिणीचं ‘नको’ जसंच्या तसं उचललं आणि तो गप्प बसला. तिकीट काढलं ते ती गेल्यावर. तिच्या घरात पंधरवडाभर त्यांनी खालमानेने काढला. निघताना भाच्याने विचारलं, ‘मामा, आईची आठवण म्हणून काय नेता?’ त्यांनी तिची जुनी लोखंडी इस्त्री मागितली. ‘अहो, तुमच्याकडे इस्त्र्या मिळत नाहीत का?’ म्हणून भाचा हसला आणि हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. ती इस्त्री हरवू नये म्हणून मामांनी हातातल्या बॅगेत ठेवली होती. म्हणून ती बॅग जड.

विमानतळावरून स्टेशनाकडची गाडी कुठून सुटते, हे मामा झोपेतसुद्धा सांगू शकले असते. झोप तर रात्रभर डोळ्याला लागलीच नव्हती. ते नेहमीच्या बोगद्यातून पाय ओढत गेले, वळले, आणि पुढे लोखंडी जाळी ओढलेली. रुळांचं काम चालू. गणवेशातल्या बाईने त्यांना मागे पिटाळलं: आज गाड्या नाहीत, गाडीऐवजी बस, ती बाहेरून सुटते. सगळे बाण कागद चिकटवून बदललेले होते. इतक्या जणांना हाताला धरून नेणारे विमानमामा तिथे दोनदा चुकले. दुसऱ्यांदा तर फिरून फिरून पुन्हा त्या फुलांच्या दुकानासमोरच आले. वैताग इतका आला की आता इथेच बसकण मारावी, असं त्यांना वाटलं.

बाहेर बोचरा वारा होता. अंगात पातळ स्वेटर. रांग लांबलचक आणि कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला ‘इथली थंडी थट्टेवारी नेऊ नका’ म्हणून दटावणारा माणूस बगलेत हात घालून, दातांवर दात आपटत उभा होता. घरी खुंटीला तो ढगळ कोट लटकतोय, हे आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

बस आली ती गच्च भरली. मामांना कशीबशी जागा मिळाली. एरवी गाडी सरळ जायची. ही बस प्रत्येक गल्लीची विचारपूस करत निघाल्यासारखी चालली होती. गोदामं गेली, एकसारख्या घरांच्या रांगा गेल्या, पुन्हा गोदामं आली. मामांना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं शेजारच्या गृहस्थाच्या खांद्यावर गेलं. त्यांनी दचकून माफी मागितली. गृहस्थ खिडकीकडे सरकला. पूल लागला तसे मामा सवयीने बोलून गेले, ‘ही इथली मोठी नदी बरं का.’ मराठीतच. गृहस्थ अजून सरकला. दाखवायला शेजारी कोणी आपलं नाही, हे मामांना त्या क्षणी फार लागलं. अक्काला ही नदी कधीच दाखवली नाही. ‘ये’ म्हटलं की ती ‘नको रे’ म्हणायची, आणि तेही त्यांनी दर वेळी खरंच धरलं होतं.

बसने स्टेशनाच्या मागच्या अंगाला, खालच्या मजल्यावर उतरवलं. लिफ्टच्या दारावर बंद असल्याची पाटी. जिना चढताना इस्त्रीने हात खांद्यापासून ओढला जात होता. मध्ये दोनदा थांबून, धापा टाकत मामा वर आले आणि मोठ्या दालनातल्या पहिल्याच बाकावर टेकले. त्यांच्या घराकडची गाडी अजून एक मजला वर, दुसऱ्या टोकाला. तिथवर जायचं होतं, आणि अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. समोरून माणसं भराभर जात होती. इथेच, याच बाकावर, त्यांनी किती दमलेल्या म्हाताऱ्यांना बसवून पाणी आणून दिलं होतं.

फोन वाजला. लेकीचा.

‘बाबा, पोचलात का?’

‘पोचलो. स्टेशनावर आहे.’

‘बरे आहात ना?’

‘मला काय धाड भरलीय?’

‘आवाज असा काय येतोय? काही हवंय का? मी येऊ का?’

‘न...’ इतकं बाहेर पडलं आणि मामा थांबले. ‘मी बरी आहे’ म्हणणारा तो बारीक आवाज त्यांच्या कानात होता. फोन ठेवल्यावर अक्का किती वेळ तशीच बसली असेल, हे त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्या नीट कळलं.

‘बाबा? ऐकू येतंय का?’

‘ये,’ मामा म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले. ‘ये गं. येतेस का? मला उठवतच नाहीये.’



‘बाबा,’ लेक म्हणाली, ‘त्या मोठ्या घड्याळाच्या खाली बघा.’

घड्याळाखालच्या खांबाआडून ती बाहेर आली. फोन कानालाच होता. दुसऱ्या हातावर तपकिरी कोट होता, एक बटण वेगळ्या रंगाचं.

ती जवळ येईपर्यंत मामा नुसते बघत राहिले. मग अर्थातच रागावले, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

‘कधीपासून उभी आहेस इथे?’

‘तुमची बस यायच्या आधीपासून.’

‘मग समोर यायचं नाही का? मी इथे जिना चढताना मरतोय!’

‘तुम्ही नको म्हणाला होतात ना. नक्की, असंही म्हणाला होतात.’ तिचेही डोळे भरले होते, पण सांगत होती शांतपणे. ‘मी म्हटलं, तुमच्या गाडीत नीट बसलात की लांबूनच बघून जाईन. मग तुम्ही बसलात ते उठेचनात. म्हणून फोन केला.’

मामांनी जड बॅग पायाशी ओढून घेतली.

‘गेलात तेव्हाही आले होते,’ ती म्हणाली. ‘तेव्हाही तुम्ही नकोच म्हणाला होतात.’

निघालेल्या दिवसाची ती सकाळ मामांना आठवली. अक्का गेल्याचा फोन, घाईघाईने भरलेली बॅग, इथल्याच गर्दीतून मान खाली घालून एकट्याने जाणं. एकटे नव्हते तर. त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

‘पण हा कोट कुठून आणलास?’ शेवटी त्यांनी विचारलं. ‘माझी बॅग आली नाही, हे तुला कुणी सांगितलं?’

‘बॅग आली नाही? मला नाही माहीत. माझ्याकडे घराची किल्ली आहे ना. बाहेरून माणूस आला की हा न्यायचा असतो, एवढंच माहितीय मला.’

तिने कोट धरला. मामांनी उभं राहून हात घातले. इतक्या वर्षांत तो त्यांनी स्वतः कधी घातला नव्हता. बाह्या बोटांच्याही खाली आल्या, तशा तिने त्या एकेक करून दुमडून वर केल्या. मामी काय म्हणायची ते दोघांनाही आठवलं असणार, कारण दोघंही एकदमच थोडंसं हसले.

‘चला,’ ती म्हणाली. ‘फिरत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं. बॅग द्या इकडे.’

मामांच्या ओठांवर सवयीने तोच शब्द आला. तो त्यांनी गिळला आणि बॅग तिच्या हातात दिली. तिचा खांदा एकदम खाली गेला.

‘बाप रे! केवढी जड आहे ही.’

‘हो,’ मामा म्हणाले. ‘फार जड आहे गं.’