तिसऱ्यांदा ठेवलेलं बोट

"देवाची इच्छा" हे शब्द बाईंसमोर उच्चारायची सोय नव्हती. त्या लगेच विचारायच्या, "देवाची, का आपल्या गल्लीची?"

बाई म्हणजे आमच्या लातूरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणं हे त्यांचं काम. दुष्काळाच्या वर्षी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, हा आपल्या पापाचा दंड आहे. उपासना सुटल्यावर बाईंनी त्यांना दारातच गाठलं. "साहेब, मग वरच्या गल्लीतल्या हिरीला अजून पाणी हाय ते कसं? तिथं काय समदे संत राहतात?" साहेबांनाच हसू फुटलं.

त्याच वर्षी बाईंनी माझ्या बहिणीसाठी, रूथसाठी, स्थळ आणलं. मुलगा देगलूरकडचा, दुष्काळी कामावर हजेरी घ्यायचा. रूथला तो आवडला होता, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. पण वडील गेल्यापासून घरात शब्द माझा. आणि ख्रिस्ती होण्याआधी त्याचे आजोबा ज्या वस्तीत राहायचे, ती आमच्या आजोबांच्या वस्तीपेक्षा खालची मानत. येशूच्या पायाशी आलो, पण ही उतरंड डोक्यावर घेऊनच. खरं कारण सांगायची लाज वाटली. म्हणालो, "देवाला विचारतो."

विचारायची आमची रीत सोपी. प्रार्थना करायची, डोळे मिटून शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं. पहिल्यांदा बोट पडलं वंशावळीवर. दुसऱ्यांदा चक्क लग्नाच्या मेजवानीवर. मी घाईने पुस्तक मिटलं. तिसऱ्यांदा परक्यांशी सोयरीक नको असं वचन आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. रूथला तेवढंच वाचून दाखवलं. "बरं, दादा," म्हणाली आणि आत गेली.

बाईंनी मात्र विचारलं, "कितव्यांदा उघडलंस?"

"तिसऱ्यांदा."

"मग ते बोट देवाचं न्हाई, तुझ्या आज्याचं हाय."

पुढे लातूर जिल्हा झाला, नवा दवाखाना आला, रूथ तिथे नर्स म्हणून लागली. लग्न तिने केलंच नाही. बाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं तिनेच केलं. एकदा ती औषध आणायला गेली, तेव्हा बाई मला म्हणाल्या, "पोरीला मी काई बोलले न्हाई. ते तुझं काम हाय. लई उशीर करायलास."

बाई गेल्या. मी अजून सांगितलेलं नाही. भित्रा आहे मी. रूथ माझ्याच घरी असते. कुणी लग्नाचं काढलं की सहज म्हणते, "देवाची इच्छा नव्हती. विचारा की दादाला, शास्त्रातूनच उत्तर आलं होतं."

आणि मी मान डोलावतो.